तोंडी हुकूम

१९५८ सालच्या जानेवारीत मुंबईत एक चौकशी चालू होती. ती ऐकायला एवढी माणसे लोटत होती की बाहेर उभ्या राहिलेल्यांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. आत खुनाचा खटला चालू नव्हता. शेअर, भाव, गुंतवणूक समिती, विमा महामंडळाचा कायदा अशी रुक्ष बोलणी चालली होती. तरी लोक तासन्‌तास कान देऊन ऐकत होते, कारण साक्षीदाराच्या खुर्चीत देशाचे अर्थमंत्री बसले होते, त्यांचे सचिव बसले होते, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर बसले होते. प्रश्न एकच होता. सामान्य विमेदारांच्या पैशातून सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले गेले, ते कुणाच्या सांगण्यावरून? आणि या प्रश्नाचे उत्तर एकाही कागदावर नव्हते.

मुंदडा प्रकरण म्हणून हा प्रसंग आपल्याकडे ओळखला जातो. एका कारस्थानी भांडवलदाराची गोष्ट म्हणून तो सांगितला जातो, आणि तशी ती आहेच. पण माझे लक्ष हरिदास मुंदडापेक्षा त्याच्या समोर बसलेल्या माणसांकडे जाते. मंत्री, सचिव, महामंडळाचे अध्यक्ष, व्यवस्थापकीय संचालक. यांतल्या एकानेही लाच खाल्ल्याचे सिद्ध झाले नाही. सगळे शिकलेले, नावाजलेले, कामात तरबेज होते. तरी त्यांच्या हातून विमेदारांचा पैसा गेला. सार्वजनिक जीवनातल्या सचोटीचा विचार आपण बहुधा खिशापाशी थांबवतो. पैसे खाल्ले की नाही, एवढेच बघतो. खिसा स्वच्छ असलेल्या माणसांकडूनही संस्था कशी बुडू लागते, हे या प्रकरणात दिसते. म्हणून ते पुन्हा सांगावेसे वाटते.

गोष्ट सुरू होते एका मराठी माणसापासून. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आकाशवाणीवर बोलले आणि देशातला आयुर्विम्याचा धंदा सरकार ताब्यात घेत असल्याचे त्यांनी जाहीर केले. वटहुकूम निघाला होता. दुसऱ्या दिवशी सरकारने नेमलेली माणसे कंपन्यांच्या कचेऱ्यांत जाऊन बसली. देशी कंपन्या १५४, परदेशी १६ आणि भविष्यनिर्वाह संस्था ७५ एवढा हा पसारा होता. आधी कुणाला सुगावा लागला असता तर रातोरात पैसा हलला असता, म्हणून सगळे अत्यंत गुप्तपणे करण्यात आले.

हे पाऊल उचलावे लागले, कारण लोकांच्या बचतीवर कंपन्यांचे मालक आपले दुसरे धंदे चालवत होते. मागच्या दहा वर्षांत पंचवीसेक कंपन्यांचे दिवाळे निघाले होते. रामकृष्ण दालमियांनी भारत इन्शुरन्स कंपनीच्या पैशाचे काय केले, ते १९५५ च्या डिसेंबरात लोकसभेत फिरोज गांधींनी बाहेर काढले होते. त्यापायी दालमियांना पुढे तुरुंगात जावे लागले. मजुराने, कारकुनाने, शिक्षकाने आपल्या मागे बायकामुलांचे हाल होऊ नयेत म्हणून महिन्याला बाजूला टाकलेला हा पैसा. तो शेअरबाजारातल्या खेळ्यांच्या हाती राहू नये, सरकारच्या हाती सुरक्षित राहावा, ही देशमुखांची भूमिका होती. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले, मुख्य कचेरी मुंबईत. पन्नास लाखांवर विमेदारांची जबाबदारी त्याच्यावर आली.

तोवर देशमुख मंत्रिमंडळात उरले नव्हते. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचा निर्णय आणि मुंबईतल्या गोळीबारांची चौकशी करायला सरकारचा नकार, या दोन गोष्टींवरून त्यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला होता. लोकसभेत उभे राहून पंतप्रधानांच्या कार्यपद्धतीवर त्यांनी जे बोट ठेवले, ते महाराष्ट्राने मुंबईच्या लढ्याच्या संदर्भात लक्षात ठेवले. पण त्यातला एक मुद्दा सगळ्या देशाच्या कामाचा होता. मोठे निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा होऊन घेतले जात नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. रीत सोडून चालणारा कारभार कुठे नेतो, हे वर्षभरात त्यांच्याच जुन्या खात्यात दिसणार होते.

त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले. मद्रासचे, स्वतः व्यापारउदीम केलेले, बुद्धीने तल्लख आणि जिभेने तिखट. अर्थखात्याचे प्रधान सचिव होते एच. एम. पटेल. या माणसाविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण त्यांना नुसते खलनायक ठरवले तर गोष्टीचा जीवच जातो. पटेल आयसीएस अधिकारी. १९४७ साली फाळणीच्या वेळी दोन देशांत सरकारी मालमत्तेची, फौजफाट्याची, कागदपत्रांची वाटणी करण्याचे काम पाकिस्तानच्या बाजूने चौधरी मुहम्मद अली आणि भारताच्या बाजूने पटेल यांनी पार पाडले. पुढे सहा वर्षे ते संरक्षण सचिव होते. दिल्लीत त्यांच्या कार्यक्षमतेचे दाखले दिले जात. काम अडले की पटेलांकडे जावे, ते मार्ग काढतात, अशी त्यांची ख्याती. मार्ग काढणाऱ्या अधिकाऱ्यांचे आपल्याला मोठे कौतुक असते. कुठला नियम ओलांडून तो मार्ग निघाला, हे विचारण्याची कुणाला गरज वाटत नाही.

हरिदास मुंदडा कलकत्त्याचा. जेसप, रिचर्डसन अँड क्रुडास, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन अशा जुन्या नामांकित इंग्रजी कंपन्यांचे शेअर गोळा करत करत त्याने त्या ताब्यात घेतल्या होत्या. घेतलेले शेअर गहाण टाकून कर्ज काढायचे आणि त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे, असा त्याचा खाक्या. बाजारात त्याच्या नावाबद्दल आधीच कुजबुज होती, आणि सरकारदरबारी ती माहीत नव्हती असे म्हणता येत नाही. १९५७ च्या मध्याला त्याचा डोलारा कलला. घेणेकरी दाराशी आले.

२१ जून १९५७, शुक्रवार. मुंदडाने पटेलांना पत्र लिहिले आणि आपल्या कंपन्यांचे शेअर विमा महामंडळाने घ्यावेत असे सुचवले. पटेल तेव्हा मुंबईत होते, अर्थमंत्रीही मुंबईत होते. शनिवार-रविवार गेला. सोमवारी, २४ तारखेला व्यवहार ठरलासुद्धा. रिचर्डसन अँड क्रुडास, जेसप, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प्स, अँजेलो ब्रदर्स आणि ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन या सहा कंपन्यांचे मिळून सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर महामंडळाने बाजारातून न घेता थेट मुंदडाकडून घेतले. महामंडळाच्या छोट्याशा आयुष्यातली ही सर्वांत मोठी खरेदी होती.

हे चार दिवस जवळून पाहावेत असे आहेत. महामंडळाला कायद्याने नेमलेली गुंतवणूक समिती होती. तीत बाजाराची जाण असलेली माणसे होती. कुठला शेअर घ्यावा, कुठला घेऊ नये, हे तिने सांगायचे. तिला विचारलेच नाही. खरेदी उरकल्यावर तिच्यापुढे विषय गेला. कायद्याचे २१ वे कलम असे होते की सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत सरकारला महामंडळाला निर्देश देता येईल, पण तो लेखी असला पाहिजे. असा लेखी निर्देश कुणी दिला नाही. अध्यक्ष जी. आर. कामत स्वतः सनदी अधिकारी. व्यवस्थापकीय संचालक एल. एस. वैद्यनाथन विमागणितातले जाणते, सारी हयात विम्याच्या धंद्यात गेलेली. मुंदडाचे शेअर म्हणजे काय चीज आहे, हे त्यांना कळत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. पण समोर अर्थखात्याचे प्रधान सचिव बोलत होते. त्यांचे बोलणे म्हणजे सरकारची इच्छा, असे धरून वैद्यनाथन कामाला लागले. साहेब, हे लेखी द्याल का, एवढे एक वाक्य त्या चार दिवसांत कुणाच्याही तोंडून बाहेर पडले नाही.

ते वाक्य उच्चारले गेले असते तर हा व्यवहार झालाच नसता, असे मला ठामपणे वाटते. कारण अशा गोष्टी लिहून द्यायला कुणी धजावत नाही. तोंडी हुकुमाचा उपयोगच हा असतो की पुढे तो कुणी दिलेलाच नसतो.

ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत बातमीला पाय फुटले. सप्टेंबरात लोकसभेत प्रश्न आला. उत्तर गोलमाल मिळाले. नोव्हेंबरात पुन्हा प्रश्न, पुन्हा तीच टाळाटाळ. मग १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी उभे राहिले.

फिरोज मूळचे मुंबईचे पारशी, रायबरेलीचे खासदार, सत्ताधारी बाकांवर बसणारे आणि पंतप्रधानांचे जावई. ज्या सरकारला ते धारेवर धरत होते त्याचे प्रमुख त्यांचे सासरे होते, हे विसरून त्या दिवसाकडे पाहता येत नाही. भाषणात आरडाओरड नव्हती. भाव, तारखा, कंपन्यांची नावे, सरकारी उत्तरांतल्या विसंगती, एकापाठोपाठ एक. संसदेने जन्माला घातलेल्या एवढ्या मोठ्या वित्तसंस्थेवर संसदेनेच लक्ष ठेवायला हवे, असे त्यांचे म्हणणे. मंत्री आणि सचिव यांच्यातला पत्रव्यवहारही त्यांच्या हाती लागलेला होता. अर्थमंत्र्यांनी सभागृहात व्यवहाराचे समर्थन केले, पण सभागृहाचे समाधान झाले नाही. स्वपक्षाच्या खासदारांचेही नाही. चौकशीवाचून गत्यंतर उरले नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचा एकसदस्य आयोग जानेवारीत नेमला गेला. १९४७ पासून ते त्या पदावर होते. छागलांनी पहिलाच निर्णय महत्त्वाचा घेतला: चौकशी उघड होईल. सरकारी चौकशा बंद दाराआड होतात आणि अहवाल कपाटात जातात, हा अनुभव तेव्हाही लोकांना होता. पैसा लोकांचा, तेव्हा त्याचा हिशेब लोकांसमोर द्यावा, अशी त्यांची धारणा. अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी सरकारची पाठराखण न करता सत्य बाहेर यावे अशा रीतीने काम केले. दोघेही मुंबईच्या उच्च न्यायालयात वाढलेले.

साक्षी सुरू झाल्या आणि टोलवाटोलवी सगळ्यांच्या कानांवर पडू लागली. कलकत्त्याच्या शेअरबाजारात हाहाकार माजण्याची भीती होती, म्हणून बाजार सावरायला ही खरेदी केली, असा एक बचाव पुढे आला. बाजारातल्या जाणत्यांच्या साक्षींनंतर तो टिकला नाही. बाजार सावरायचा तर बाजारातून घ्यावे, एकाच माणसाकडून त्याच्या सोयीने का घ्यावे? शिवाय व्यवहाराच्या आधीच्या दिवसांत यांतल्या काही शेअरांचे भाव वर चढवले गेले होते आणि महामंडळाने ते चढे भाव मोजले. विमेदारांच्या हिताचा विचार या व्यवहारात कुणीच केला नव्हता.

मग मुख्य गाठ. पटेल म्हणाले, मी मंत्र्यांच्या कानावर घातले होते, त्यांची संमती होती. मंत्री म्हणाले, मुंबईत विषय निघाला होता, पण मी काही मंजूर केले नाही. वैद्यनाथन आणि कामत म्हणाले, पटेलांनी सांगितले ते आम्ही सरकारचे सांगणे समजलो. एकाचे बोट दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे. मंत्र्यांना हा व्यवहार मान्य नव्हता, तर डिसेंबरात संसदेत त्यांनी त्याचे समर्थन कशासाठी केले, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. ध्वनिक्षेपकाखाली उभ्या असलेल्या माणसाला कायदा कळत नसेल, पण आपापल्या कचेरीत, गिरणीत, दुकानात हे त्याने रोज पाहिलेले होते. वरच्याने इशारा करायचा, मधल्याने तो पोचवायचा, खालच्याने हात काळे करायचे, आणि बोभाटा झाला की कुणी काही बोललेच नव्हते.

छागलांनी सुमारे महिनाभरात काम संपवले आणि १० फेब्रुवारीला अहवाल दिला. आजच्या आयोगांची मुदतवाढ पाहता ही गोष्टही नोंदवायला हवी. मंत्र्याने आपल्या सचिवाच्या कृत्याची जबाबदारी पूर्णपणे स्वीकारली पाहिजे, त्याच्या आड त्याला लपता येणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष. पुढच्यासाठी त्यांनी काही तत्त्वे घालून दिली. स्वायत्त महामंडळाच्या कामात सरकारने लुडबूड करू नये. काही सांगायचेच असेल तर लेखी सांगावे. महामंडळात आलेल्या सनदी अधिकाऱ्यांनी दिल्लीच्या अधिकाऱ्यांपुढे दबून राहू नये. विमेदारांचा पैसा विमेदारांच्याच हितासाठी वापरावा. आणि असे काही घडले तर मंत्र्याने संसदेला पहिल्या संधीला विश्वासात घ्यावे, संसदेला ते दुसरीकडून कळण्याची वेळ आणू नये.

कृष्णम्माचारींनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. नेहरूंनी त्यांना लिहिलेल्या पत्रात या प्रकरणातला तुमचा वाटा सर्वांत लहान आहे, अशा आशयाचा दिलासा दिला. २८ फेब्रुवारीला अंदाजपत्रक मांडायला अर्थमंत्रीच नव्हता, ते नेहरूंनी स्वतः मांडले. मला इथे नेहरूंविषयी दोन्ही गोष्टी म्हणाव्याशा वाटतात. आपल्या विश्वासातल्या मंत्र्याची उघड चौकशी त्यांनी होऊ दिली, छागलांवर राग धरला नाही, उलट त्याच वर्षी त्यांना अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवले. हे मोठेपण होते. पण पुढचा तपास सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती आणि एके काळचे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती विवियन बोस यांच्याकडे गेला, त्यांनी मुंदडाने काँग्रेसला दिलेल्या देणग्यांचा विषय काढला, तेव्हा नेहरूंचा तोल गेला. पत्रकार परिषदेत ते बोस यांच्या बुद्धीविषयीच अनुदार बोलले. वकीलवर्गातून निषेध उमटला आणि पंतप्रधानांना माफी मागावी लागली. त्यांनी ती मागितली.

माणसांचे पुढे काय झाले, ते थोडक्यात. मुंदडा तुरुंगात गेला. लोकसेवा आयोगाने पटेलांना भ्रष्ट हेतूच्या आरोपातून मुक्त केले, पण त्यांनी नोकरी सोडली. गुजरातेत वल्लभ विद्यानगरच्या शिक्षणसंस्थांत मन घातले, राजकारणात आले आणि १९७७ साली जनता सरकारात अर्थमंत्री झाले. कृष्णम्माचारी १९६२ मध्ये मंत्रिमंडळात परतले, १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी छागला शिक्षणमंत्री झाले, आणि आयोगाचे न्यायमूर्ती व त्यांच्यासमोर साक्ष दिलेले मंत्री दोन वर्षे एकाच मंत्रिमंडळात बसले.

फिरोज गांधी १९६० च्या सप्टेंबरात, वयाची ४८ वर्षे पुरी होण्याआधी, हृदयविकाराने गेले. त्यांचे आणखी एक काम लोकांना फारसे माहीत नाही. संसदेतले कामकाज वृत्तपत्रांनी प्रामाणिकपणे छापले तर त्यांच्यावर खटला भरता येऊ नये, असा कायदा त्यांनी खाजगी विधेयक मांडून १९५६ मध्ये करून घेतला होता. मुंदडा प्रकरणात फिरोज सभागृहात जे बोलले ते वृत्तपत्रांना निर्धास्तपणे छापता आले, त्यामागे हा कायदा होता. आणीबाणीत, त्यांच्या पत्नी पंतप्रधान असताना, तो रद्द करण्यात आला. १९७७ मध्ये पुन्हा आणावा लागला.

चिंतामणराव देशमुखांनी विषय सोडला नाही. १९५९ साली मद्रासमधल्या एका व्याख्यानात त्यांनी सत्तास्थानी असलेल्यांच्या गैरव्यवहारांची चौकशी करणारे उच्चाधिकार असलेले कायमचे न्यायाधिकरण हवे, अशी मागणी केली. असे न्यायाधिकरण नेमा, काही प्रकरणे मीच त्याच्यापुढे ठेवतो, असेही ते म्हणाले. सरकारने ते मानले नाही. संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला, महाराष्ट्राने १९७२ मध्ये देशात सर्वांत आधी लोकायुक्त नेमला. दिल्लीत पहिला लोकपाल बसायला मात्र २०१९ साल उजाडले.

तोंडी हुकुमाचे काय झाले? अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत लिहिले आहे की वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, आणि तोंडी द्यावा लागलाच तर तो नंतर लेखी पक्का करून द्यावा व घ्यावा. तरी ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी, माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशावर काम करू नये, आदेशाची नोंद करावी. छागलांच्या अहवालाला तेव्हा पंचावन्न वर्षे झाली होती.

हे वाचणाऱ्यांत कुणी मंत्रालयात, जिल्हा परिषदेत, महापालिकेत, सरकारी बँकेत किंवा महामंडळात काम करत असेल, तर त्याला एकच सांगणे आहे. वरून फोन आला, साहेबांची इच्छा आहे असा निरोप आला, तर फोन ठेवल्यावर लगेच चार ओळींची टिपणी लिहा: तारीख, वेळ, कोण बोलले, काय सांगितले. खाली सही करा, ती फाइलला लावा आणि एक प्रत वर पाठवा. नियम आणि सर्वोच्च न्यायालय दोन्ही तुमच्या बाजूचे आहेत.